जुन्या एएम४ मदरबोर्डवर गेमिंगसाठी नवा प्रोसेसर निवडताना

२०१८ ते २०२० या काळात गेमिंगसाठी जोडलेल्या असंख्य संगणकांची रचना साधारण सारखीच होती. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसवण्याच्या जागेचा), बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर रायझन ५ २६०० हा प्रोसेसर आणि १६ जीबी डीडीआर४ रॅम असा तो संच असे. मधल्या काळात बहुतेकांनी ग्राफिक्स कार्ड बदलले, कोणी आरटीएक्स ३०६० घेतले, कोणी त्याहून पुढचे, आणि ६० हर्ट्‌झच्या जागी १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) आला. प्रोसेसर मात्र तोच राहिला. आता खेळताना गर्दीच्या चौकात चित्र अडखळते, ग्राफिक्स कार्डाचा वापर ६० टक्क्यांवर रेंगाळतो, आणि दुकानात विचारले तर ‘मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळेच बदला’ असे उत्तर मिळते. हा लेख अशाच संगणकाच्या मालकासाठी आहे. बहुतेक वेळा सगळे बदलण्याची गरज नसते, एकट्या प्रोसेसरने काम भागते. परंतु तो कोणता घ्यावा आणि मुळात घ्यावा की नाही, हे आपल्याच संगणकावर मोजून ठरवायला हवे.

पहिली पायरी: दोष खरोखर प्रोसेसरचा आहे का?

प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एकेक चित्र, तयार होताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोघांचे काम असते. पात्रे कुठे उभी आहेत, गाड्या कुठे वळणार, गोळी कशाला लागली, पडद्यावर काय काय रेखाटायचे आहे, हा हिशेब प्रोसेसर करतो. प्रत्यक्ष चित्र ग्राफिक्स कार्ड काढते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या असतील तर ७ मिलिसेकंदांहूनही कमी. दोघांपैकी ज्याला जास्त वेळ लागतो, त्याच्या गतीने खेळ चालतो. म्हणूनच ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर जो प्रोसेसर पुरेसा वाटत होता, तोच १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरवर तोकडा पडतो. तो बिघडलेला नसतो, आपण त्याच्याकडून दुपटीहून अधिक काम मागू लागलेलो असतो.

तपासणीसाठी आफ्टरबर्नर किंवा कॅपफ्रेमएक्ससारखे मोफत साधन बसवावे आणि खेळताना ग्राफिक्स कार्डाचा वापर, प्रत्येक थ्रेडचा (प्रोसेसर एकाच वेळी चालवतो त्या कामाच्या प्रत्येक धाग्याचा) वेगवेगळा वापर आणि फ्रेमचा दर पडद्याच्या कोपऱ्यात दिसेल अशी मांडणी करावी. ज्या ठिकाणी त्रास होतो, तेथील सेव्ह उघडून दोन-तीन मिनिटे ठरावीक वाटेने चालावे. ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत ९७ ते ९९ टक्के असेल तर प्रोसेसरसाठी खर्च करू नये. अडथळा कार्डाचा आहे. तो वापर ६०-७० टक्क्यांवर असेल, फ्रेमच्या दरावर कोणतीही मर्यादा घातलेली नसेल आणि तरीही दर वाढत नसेल, तर संशय प्रोसेसरवर किंवा रॅमवर घ्यावा.

येथे टास्क मॅनेजरमधील एकूण टक्केवारी पाहून फसणारे फार असतात. रायझन ५ २६०० मध्ये बारा थ्रेड आहेत, त्यामुळे खेळाचा मुख्य थ्रेड एक पूर्ण थ्रेड व्यापून बसला तरी एकूण वापरात त्याची भर सुमारे ८ टक्केच पडते. ‘माझा प्रोसेसर चाळीस टक्केच चालतो, म्हणजे तो मोकळा आहे’ हा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा ठरतो. बहुतेक खेळांत एका किंवा दोन थ्रेडवर कामाचा मोठा भार असतो, आणि ते थ्रेड अडले की उरलेले कोअर, म्हणजे प्रोसेसरमधील काम करणारे भाग, हातावर हात ठेवून बसतात.

खात्रीसाठी दुसरी चाचणी करावी. रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणावे, किंवा डीएलएसएस अथवा एफएसआर (कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठे करणारी सोय) कार्डावर सर्वांत कमी भार टाकणाऱ्या पातळीवर ठेवावे, आणि त्याच जागी पुन्हा चालावे. ग्राफिक्स कार्डाचे काम बरेच कमी होऊनही फ्रेमचा दर तेवढाच राहिला, तर मर्यादा प्रोसेसरची आहे हे निश्चित समजावे. या चाचणीचा आणखी एक फायदा म्हणजे गर्दीची घनता, वाहतूक, दूरवरचे दृश्य आणि रे ट्रेसिंग या सेटिंग्ज प्रोसेसरवर भार टाकतात, हे आपल्याला स्वतः पाहता येते. त्यांतील एखादी एक पायरी खाली आणून समाधान होत असेल, तर खरेदी पुढच्या वर्षावर टाकण्यात काहीच गैर नाही. आकडे टिपताना केवळ सरासरी लिहू नये. सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा दर, ज्याला सगळेच ‘वन पर्सेंट लो’ म्हणतात, तोही लिहावा. कारण डोळ्यांना खुपणारे अडखळणे सरासरीत दिसत नाही, ते या आकड्यात दिसते. हा कागद जपून ठेवावा, शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

दुसरी पायरी: रॅम नीट चालते आहे का?

ही पायरी फुकट आहे आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे. ३२०० मेगाहर्ट्‌झची म्हणून घेतलेली रॅम बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारा पर्याय; काही बोर्डांवर त्याचे नाव डीओसीपी) चालू न केल्यामुळे वर्षानुवर्षे २१३३ किंवा २४०० वर चालत असलेली मी अनेक संगणकांत पाहिली आहे. टास्क मॅनेजरच्या ‘मेमरी’ भागात वेग दिसतो, तो पाहावा. त्याचप्रमाणे १६ जीबीची एकच पट्टी असेल तर ड्युअल चॅनेल, म्हणजे रॅमशी एकाच वेळी दोन वाटांनी देवाणघेवाण, मिळत नाही; दोन पट्ट्या असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत असाव्यात. रायझनमध्ये कोअरच्या गटांना जोडणाऱ्या अंतर्गत दुव्याचा वेग रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो, त्यामुळे संथ रॅमचा फटका येथे दुहेरी बसतो. ही दुरुस्ती करून पहिल्या पायरीतील मोजणी पुन्हा करावी आणि मगच पुढे जावे. २६०० ला अधिकृत मर्यादा २९३३ची आहे, म्हणून जुन्या प्रोसेसरवर ३२०० स्थिर राहिली नाही तरी रॅमला दोष देऊ नये. नव्या प्रोसेसरवर तीच रॅम बहुधा निमूटपणे चालते.

तिसरी पायरी: बोर्डावर काय काय बसू शकते?

एएम४ सॉकेटचे मोठेपण असे की २०१७च्या मार्चमध्ये आलेल्या पहिल्या रायझनपासून २०२४ मध्ये आलेल्या रायझन ७ ५७००एक्स३डीपर्यंतचे प्रोसेसर त्याच १३३१ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतात. बसणे आणि चालणे यांत मात्र फरक आहे, आणि तो फरक बायोसमुळे पडतो. २०२० मध्ये एएमडीने आधी ५००० मालिकेचे प्रोसेसर बी४५० वर चालणार नाहीत असे जाहीर केले होते. ग्राहकांच्या नाराजीनंतर तो निर्णय मागे घेतला गेला आणि पुढे ३०० मालिकेच्या अनेक बोर्डांनाही तशी बायोस मिळाली. त्यामुळे २०२०च्या आसपासचे जुने लेख वाचून ‘आपल्या बोर्डवर चालणार नाही’ असा समज करून घेऊ नये.

मदरबोर्डचे पूर्ण नाव आणि त्याच्या कोपऱ्यावर छापलेला आवृत्तीचा क्रमांक लिहून घ्यावा. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन आवृत्त्यांना वेगवेगळी बायोस लागू शकते आणि चुकीची फाइल टाकणे महागात पडते. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रोसेसरांची यादी असते. तीत प्रत्येक प्रोसेसरपुढे तो ज्या बायोसपासून चालतो ती आवृत्ती दिलेली असते. दुकानदाराचा शब्द, मित्राचा अनुभव किंवा चित्रफितीतील दावा यांपेक्षा ही यादी प्रमाण मानावी.

यादीबरोबरच बोर्डचा वीज पुरवणारा भाग, म्हणजे व्हीआरएम, पाहावा. प्रोसेसरच्या डाव्या आणि वरच्या बाजूला असलेल्या छोट्या चौकोनी भागांवर ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवलेला असेल तर आठ कोअरचा प्रोसेसरही निभावतो. तो भाग उघडाच असेल आणि बोर्ड ए३२० वर्गातला असेल तर ६५ वॉटच्या प्रोसेसरवर थांबणे शहाणपणाचे आहे.

चौथी पायरी: निवड

क्रमांक मोठा म्हणजे खेळासाठी चांगला, हा समज या पिढीत सर्वांत जास्त फसवतो. गेमिंगचा विचार करता कोअरच्या संख्येइतकेच, पुष्कळदा त्याहून जास्त, महत्त्व कॅशेला, म्हणजे प्रोसेसरमधील छोट्या पण वेगवान मेमरीला, आहे. रायझन ५ २६०० मध्ये सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले आहेत आणि प्रत्येक गटाला ८ एमबी एल३ (तिसऱ्या पातळीची) कॅशे आहे. एका गटातील कोअरला दुसऱ्या गटाकडची माहिती हवी असेल तर त्याला लांबचा फेरा पडतो. २०१९च्या रायझन ५ ३६०० मध्ये कॅशे प्रत्येक गटामागे १६ एमबी झाली, पण गट दोनच राहिले. ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच गटात आले आणि सलग ३२ एमबी कॅशे सगळ्यांना सामाईक झाली. एएमडीने या पिढीत प्रत्येक घड्याळफेरीमागील (क्लॉक सायकलमागील) कामात १९ टक्क्यांची वाढ सांगितली होती. खेळांमध्ये जी प्रत्यक्ष सुधारणा जाणवते, तिचे मोठे कारण ही एकत्र आलेली कॅशे आहे. म्हणून २६०० वरून ३६०० वर जाणे आता मी सुचवणार नाही, सेकंडहँड स्वस्त मिळत असला तरीही.

बहुतेकांसाठी रायझन ५ ५६०० हा योग्य प्रोसेसर आहे. तो ६५ वॉटचा आहे, सोबत कूलर येतो, जुन्या एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर) चालतो आणि व्हीआरएमला जड जात नाही. त्याच्या शेजारीच ५५०० आणि ५६००जी ठेवलेले असतात, आणि थोडे पैसे वाचवण्यासाठी पुष्कळजण तेथेच वळतात. या दोघांत एल३ कॅशे निम्मी, म्हणजे १६ एमबी आहे आणि ग्राफिक्स कार्डाची जोडणी पीसीआय एक्सप्रेस ३.० या जुन्या आवृत्तीपुरतीच आहे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असणाऱ्याने, किमतीत फारच मोठी तफावत नसेल तर, ५६०० सोडून त्यांच्याकडे वळू नये. बी४५० बोर्ड स्वतःच ३.० चा असल्यामुळे तेथे जोडणीचा फरक पडत नाही. कॅशेचा मात्र पडतोच.

याच्या वरचा टप्पा म्हणजे ज्यांच्या नावात एक्स३डी आहे ते प्रोसेसर. २०२२च्या एप्रिलमध्ये आलेल्या ५८००एक्स३डीमध्ये नेहमीच्या ३२ एमबी कॅशेवर आणखी ६४ एमबीचा थर चढवून ती ९६ एमबी केली गेली. ५७००एक्स३डी त्याचाच थोडा मंद, पण तेवढ्याच कॅशेचा भाऊ. शहर उभारणीचे खेळ, फ्लाइट सिम्युलेटर, मोटार शर्यतीचे सिम्युलेशन आणि शेकडो खेळाडूंचे ऑनलाइन खेळ यांत ही कॅशे फार उपयोगी पडते, कारण तेथे दर फ्रेमला असंख्य वस्तूंची माहिती चाळावी लागते आणि ती रॅममधून आणण्याऐवजी हाताशीच मिळते. अडखळणे कमी होते ते मुख्यतः येथेच. हे दोन्ही प्रोसेसर नवे मिळणे आता कठीण होत चालले आहे. सेकंडहँड घेताना पिनांचे सर्व बाजूंनी छायाचित्र मागवावे, शक्य असेल तर चालू संगणकावर सीपीयू-झेड या साधनामध्ये नाव आणि ९६ एमबी कॅशे स्वतः पाहावी. सोबत कूलर येत नाही, हा खर्च हिशेबात धरावा.

५७००एक्स किंवा ५९००एक्स यांचा विचार खेळाबरोबर व्हिडिओ संपादन, ब्लेंडर किंवा मोठ्या प्रमाणावर कोड कंपाइल करण्याचे काम असेल तरच करावा. नुसत्या खेळासाठी वाढीव कोअरचे पैसे ग्राफिक्स कार्डाकडे वळवलेले बरे.

मग संपूर्ण नवा संच कधी घ्यायचा? एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आले आणि त्यावर फक्त डीडीआर५ चालते, म्हणजे बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर तिन्ही एकत्र घ्यावे लागतात. ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी निर्विवाद वेगवान आहेत, पण त्यांचे खरे तेज दाखवायला तितकेच दणकट ग्राफिक्स कार्ड लागते. आरटीएक्स ३०६०च्या वर्गातले कार्ड ठेवून हा खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही, आणि २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव चढल्यानंतर तर मुळीच नाही. बोर्डच नादुरुस्त झाला असेल किंवा ५६०० आधीच असून तोही कमी पडत असेल, तर गोष्ट वेगळी.

इंटेलच्या संगणकांबाबत थोडक्यात सांगतो. एलजीए १७०० सॉकेटवर १२वी, १३वी आणि १४वी पिढी चालते, तेव्हा आय३-१२१००एफसारखा प्रोसेसर असणाऱ्याला त्याच बोर्डवर आय५ घेता येतो. १३व्या-१४व्या पिढीच्या ६५ वॉट आणि त्यावरील डेस्कटॉप प्रोसेसरांत व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा दोष आढळला होता. २०२४च्या ऑगस्टपासून त्यावर मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या) दुरुस्त्या आल्या, म्हणून बायोस अद्ययावत केल्याशिवाय असा प्रोसेसर बसवू नये, आणि आधी कसाही वापरलेला सेकंडहँड तर टाळावाच. एलजीए १२०० वर बी४६० आणि एच४१० बोर्डांवर ११वी पिढी सहसा चालत नाही, हे खरेदीआधी तपासावे.

पाचवी पायरी: खरेदी

बॉक्समधील प्रोसेसर आणि ट्रेमधील प्रोसेसर यांत वॉरंटीचा फरक असतो. बॉक्सवर उत्पादकाची तीन वर्षांची वॉरंटी मिळते. ट्रेमधला सुटा प्रोसेसर विकणाऱ्याच्या वॉरंटीवर अवलंबून राहतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या दुकानांत भाव विचारताना तो जीएसटी धरून आहे का आणि बिलावर अनुक्रमांक लिहून मिळेल का, हे दोन्ही प्रश्न आधी विचारावेत. बिलाशिवाय स्वस्त मिळणारा प्रोसेसर स्वस्त नसतो.

सहावी पायरी: आधी बायोस, मग प्रोसेसर

हा क्रम उलटा करू नये. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अद्ययावत करावी. एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर फाइल घ्यावी आणि बायोसमधील अंगभूत साधनानेच ती चढवावी, विंडोजमधून नाही. फार जुन्या आवृत्तीवरून थेट शेवटच्या आवृत्तीवर जाता येत नाही असे काही बोर्डांच्या बाबतीत असते. मधली पायरी लागत असल्यास कंपनीने ती त्याच पानावर लिहिलेली असते. हे काम चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे यूपीएस नसेल तर शेजाऱ्याचा तासाभरासाठी मागून आणावा.

त्याआधी विंडोजमधील बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद करणारी सोय) किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का, ते पाहावे. चालू असल्यास ते तात्पुरते थांबवावे आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. नवा प्रोसेसर बसवल्यावर पहिल्याच वेळी काळ्या पडद्यावर एफटीपीएम (त्या कुलुपाच्या किल्ल्या जपणारा प्रोसेसरमधील भाग) नव्याने सुरू करायचे का, असा प्रश्न ‘वाय’ आणि ‘एन’ अशा दोन पर्यायांसह येतो. की हाताशी नसताना ‘वाय’ दाबले आणि ड्राइव्ह कुलूपबंद असेल, तर आतील माहिती हातची जाते.

सातवी पायरी: बसवणे

एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात, आणि सॉकेट त्यांना फक्त घर्षणाने धरून ठेवते. वाळलेली थर्मल पेस्ट डिंकासारखी चिकटते, आणि कूलर सरळ वर ओढला की कुलूप बंद असतानाही प्रोसेसर त्याच्यासह उपटून येतो. माझ्या बाबतीत असेच झाले होते. कूलर हातात आला तेव्हा त्याच्या तळाला प्रोसेसर लटकत होता आणि एका कडेच्या तीन पिना वाकल्या होत्या. मेकॅनिकल पेन्सिलीच्या रिकाम्या टोकात एकेक पिन धरून, भिंगाखाली, त्या सरळ करायला मला दीड तास लागला. म्हणून आधी दहा मिनिटे एखादा जड खेळ चालवून पेस्ट गरम करावी, संगणक बंद करून एसएमपीएसचे बटण बंद करावे, स्क्रू सोडवावेत आणि कूलर वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवावा. तो मोकळा झाल्याचे बोटांना जाणवते, मगच उचलावा.

सोबत आलेला कूलर चार स्क्रूंनी थेट मागच्या पट्टीत बसतो, आणि स्क्रू सुटले की ती पट्टी बोर्डच्या मागे गळून पडते. कॅबिनेट आडवे ठेवून दुसऱ्या हाताने मागून आधार दिला तर ही धांदल होत नाही.

सॉकेटची दांडी सरळ उभी करावी, प्रोसेसरच्या कोपऱ्यातील सोनेरी त्रिकोण सॉकेटवरील त्रिकोणाशी जुळवावा आणि प्रोसेसर केवळ ठेवावा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो. दाब द्यावा लागतो आहे असे वाटले तर काहीतरी चुकते आहे. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवावी. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांचे, थोडे थोडे करत आवळावेत आणि पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच जोडावी.

५६०० ला सोबतचा कूलर चालतो. एक्स३डीला मात्र १२० मिलिमीटर पंख्याचा, चार उष्णतानळ्यांचा उभा कूलर घ्यावा. वरचा थर उष्णता अडवत असल्यामुळे ते लवकर तापतात आणि त्यांची मर्यादा ९० अंश सेल्सियस आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांजवळ जाते, तेव्हा पुण्यातल्या डिसेंबरमध्ये घेतलेल्या तापमानाच्या नोंदींवर तेथील वाचकाने विसंबू नये.

आठवी पायरी: पुन्हा मोजणे

पहिल्यांदा सुरू होताना पडदा एक-दोन मिनिटे काळा राहू शकतो, कारण बोर्ड रॅमशी नव्याने जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नये. बायोसच्या सेटिंग्ज मूळ स्थितीला गेलेल्या असतात, त्यामुळे एक्सएमपी पुन्हा चालू करावे आणि बोर्डमध्ये सोय असेल तर रिसायझेबल बारही (प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय). अर्धा तास खेळून तापमान पाहावे, मग तो जुना कागद काढून त्याच सेव्हमध्ये, त्याच वाटेने, त्याच सेटिंग्जवर चालावे. ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ टक्क्यांपलीकडे गेला आणि वन पर्सेंट लो वर सरकला, म्हणजे प्रोसेसरने आपले काम केले. वापर अजूनही साठ-सत्तरवरच असेल तर आधी रॅमचा वेग आणि पार्श्वभूमीला चालणारे प्रोग्रॅम तपासावेत.

जुना प्रोसेसर लगेच विकू नये. नव्याच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात, पिना कशाला टेकणार नाहीत अशा बेताने, तो महिनाभर तरी ठेवावा. नव्यात काही दोष निघून तो वॉरंटीसाठी पाठवावा लागला, तर तेवढे दिवस संगणक त्याच्यावर चालेल. मात्र नव्या बायोसमध्ये जुन्या प्रोसेसरचा आधार कायम आहे का, हे त्याच यादीत आधीच पाहून ठेवावे.